मुंबई ते लंडन : अंतर खरे, वेळ अंदाजाची

दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यामधील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारी संकेतस्थळे मी गेली काही वर्षे सातत्याने वापरत आहे. माझी धाकटी बहीण लंडनला असते, आई ठाण्याला माझ्याजवळ असते आणि वर्षातून एकदा तरी आईचा मुंबई–लंडन प्रवास होतो. आईचे वय चौऱ्याहत्तर आहे, मधुमेह जुना आहे आणि विमानात सोबतीला कोणी नसते, त्यामुळे ‘प्रवास किती तासांचा’ हा प्रश्न आमच्या घरी निव्वळ कुतूहलाचा राहत नाही. गोळ्यांची वेळ, सोबत द्यायचे खाणे आणि तिला न्यायला येणाऱ्या बहिणीची रजा, या सगळ्यांचा हिशेब त्या एका उत्तरावर बसवावा लागतो. म्हणूनच या साधनांविषयी सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत आधीच सांगते : अंतराच्या बाबतीत ती डोळे झाकून वापरावीत इतकी चांगली आहेत, पण वेळेच्या बाबतीत त्यातील बहुतेक साधने अंतराचाच आकडा वेगळ्या रूपात पुन्हा सांगतात, आणि ही गोष्ट वापरणाऱ्याला कळेल अशा ठिकाणी लिहिलेली नसते.

अंतरासाठी माझ्या पसंतीचे साधन म्हणजे ‘ग्रेट सर्कल मॅपर’. त्याचे रूप जुन्या वळणाचे आहे, पण काम नेमके आहे. विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे, म्हणजे मुंबईसाठी बीओएम आणि हीथ्रोसाठी एलएचआर, मध्ये आडवी रेघ देऊन लिहिली की नकाशावर एक वक्ररेषा उमटते आणि खाली अंतर येते. ते मैल, सागरी मैल किंवा किलोमीटर यांपैकी हव्या त्या एककात मागता येते. मुंबई ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर आहे आणि निघतानाची दिशा वायव्य, सुमारे ३१९ अंश आहे. इतर साधनांत या अंतरात पाच-दहा किलोमीटरची तफावत दिसते; ती चूक नव्हे. काही साधने पृथ्वीला पूर्ण गोल मानून गणित करतात, तर काही तिचा ध्रुवांकडचा चपटेपणा जमेस धरतात. विषुववृत्तापाशी पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६,३५७ किलोमीटर आहे, एवढ्या फरकातून सात हजारांच्या अंतरात जितका भेद पडावा तितकाच पडतो. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही.

या आकड्याची खातरजमा घरच्या घरी करता येते, आणि मी ती आईसमोर बसून केली. भाचा शाळेत असताना घेतलेला पृथ्वीगोल अजून कपाटावर आहे. शिवणाच्या डब्यातला दोरा मुंबईवर बोटाने दाबून धरला, दुसरे टोक लंडनपर्यंत ताणले आणि तेवढाच दोरा नंतर विषुववृत्तावर ठेवून अंश मोजले, तर ते पासष्टच्या जवळ आले. या ताणलेल्या दोऱ्याची वाट म्हणजेच गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, ज्याला भूगोलात बृहद्‌वृत्त म्हणतात. पंचांग पाहणाऱ्यांना अंश आणि कला परिचयाचे असतात. एका अंशाच्या साठ कला, आणि पृथ्वीच्या परिघावरील एका कलेइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. तेव्हा एका अंशाला १११ किलोमीटर धरले की पासष्ट अंशांचे ७,२१५ किलोमीटर होतात. दोऱ्याने काढलेले उत्तर संगणकाच्या उत्तराशी इतके जुळलेले पाहून मला मनापासून आनंद झाला. आईने मात्र तिच्या मापाने विचारले, “म्हणजे आपल्या पुण्याच्या किती खेपा गं?” ठाणे–पुणे दीडशे किलोमीटर धरले तर अठ्ठेचाळीस. त्या दिवसापासून आमच्या घरी लंडन हे अठ्ठेचाळीस पुण्यांवर आहे.

हा दोरा कोणत्या प्रदेशांवरून जातो हे सावकाश पाहण्यासारखे आहे, कारण वेळेविषयीच्या अर्ध्या शंका तिथेच उलगडतात. मुंबईहून निघालेली रेषा सौराष्ट्र ओलांडून जवळजवळ कराचीवरून जाते, इराणमध्ये शिरते, कॅस्पियन समुद्राचे दक्षिणेकडचे पाणी ओलांडते आणि आर्मेनियाच्या आसपास तिचा मध्यबिंदू येतो. पुढे काळा समुद्र, क्रिमिया आणि पश्चिम युक्रेन, मग पोलंड आणि जर्मनीमार्गे लंडन. आता यातले काय मोकळे आहे ते पाहा. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. त्याआधी २०१९ मध्येही ते फेब्रुवारीच्या अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत बंद होते. इराणवरून जायचे की नाही, हे त्या त्या वेळच्या परिस्थितीवर ठरते. म्हणजे पडद्यावर जी सुबक रेषा दिसते, तिच्यावरून आज मुंबईहून निघणारे भारतीय विमान लंडनला जातच नाही.

मग वळसा केवढा पडतो? इथे ग्रेट सर्कल मॅपरचा सर्वांत उपयोगी गुण कामी येतो : दोनच नव्हे, तर मधली हवी तितकी ठिकाणे रेघेने जोडून लिहिता येतात. मुंबई–मस्कत–इस्तंबूल–हीथ्रो असे लिहिले, म्हणजे अरबी समुद्र, आखात आणि तुर्कस्तान असा मार्ग ढोबळमानाने कल्पिला, तर बेरीज साधारण ७,४५० किलोमीटर येते. फरक फक्त २४० किलोमीटरांचा, म्हणजे शेकडा तीन-साडेतीन. मला हा फरक कितीतरी मोठा असेल असे वाटत होते. पण मुंबई मुळातच समुद्राच्या काठावर आणि दक्षिणेकडे असल्याने तिला हा वळसा स्वस्तात पडतो. दिल्लीहून पश्चिमेकडे निघणाऱ्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातच्या दिशेने उतरून मग समुद्र गाठावा लागतो, आणि तिथे तोटा खराच मोठा आहे. एका शहराचा अनुभव दुसऱ्या शहराला लावू नये, हे या साधनाने मला नकाशावर दाखवले.

कुतूहलापोटी मी ८ जून १९४८ चा मार्गही त्यात घालून पाहिला. त्या रात्री एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघाले होते. कंपनीचे ते पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण होते आणि जे. आर. डी. टाटा स्वतः त्यात होते. आजच्या विमानतळांची नावे घालून या तीन टप्प्यांची बेरीज सुमारे ७,९०० किलोमीटर होते. सरळ रेषेपेक्षा सातशे किलोमीटर अधिक, आणि मध्ये दोनदा इंधन. ज्या प्रवासाला आज आपण ‘वळसा पडला’ म्हणून नावे ठेवतो, तो त्या मार्गापेक्षा आखूडच आहे.

आता वेळेकडे येते, कारण तक्रार तिथे आहे. अशी कितीतरी संकेतस्थळे उड्डाणाचा वेळ काढण्यासाठी एकच सूत्र वापरतात : अंतर भागिले ताशी ५०० मैल, म्हणजे ८०५ किलोमीटर, आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास. मुंबई–हीथ्रोसाठी हे उत्तर ९ तास २७ मिनिटे येते. जातानाही तेच आणि येतानाही तेच. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र मुंबईहून लंडनला जायला दहा तासांच्या आसपास आणि परत यायला नऊ तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. म्हणजे सूत्राचे उत्तर दोन्हींच्या मध्ये पडते, सरासरी म्हणून ते वाईट नाही, पण प्रवासी सरासरीने प्रवास करत नाही. तो एकतर जात असतो किंवा येत असतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात या सूत्राने आम्हाला चांगलेच अडचणीत आणले. तिकिटाचा कागद हाती येण्याआधी मला फक्त सुटण्याची वेळ, दुपारी एक, कळवण्यात आली होती. बहिणीला रजेचा अर्ज द्यायचा होता आणि मला आईच्या गोळ्यांचा तक्ता करायचा होता, म्हणून मी अशाच एका संकेतस्थळावर जाऊन पोहोचण्याची वेळ काढली. त्याने ९ तास २७ मिनिटे धरून लंडनची वेळ सांगितली : दुपारी ४ वाजून ५७ मिनिटे. यात दोन चुका होत्या आणि दोन्ही एकाच दिशेच्या होत्या. पहिली उड्डाणाच्या वेळेची. दुसरी अधिक गंभीर : ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे मे महिन्यात भारत आणि लंडन यांच्यातला फरक साडेचार तासांचा असतो, आणि त्या संकेतस्थळाने हिवाळ्याचा साडेपाच तासांचा फरक वजा केला होता. प्रत्यक्षात विमान सायंकाळी सात वाजायला वीस मिनिटे कमी असताना गेटला लागले. बहीण पाच वाजल्यापासून टर्मिनलमध्ये उभी होती. सहा वाजता तिचा फोन आला, “ताई, तू तर पाचची वेळ दिली होतीस. आईच्या नावाची विचारणा करू का?” त्या वेळी माझ्याकडे सांगण्यासारखे काही नव्हते. विमानात आईने माझ्या तक्त्याप्रमाणे शेवटचे खाणे आणि गोळी उरकली होती आणि पुढचे जेवण बहिणीच्या घरी असे मानून डबा बंद करून ठेवला होता. उतरेपर्यंत तिला थकवा आला होता. व्हीलचेअर घेऊन आलेल्या मुलीने पाणी आणि बिस्किटे दिली, म्हणून निभावले. कागदावरच्या एका तासाची खरी किंमत मला तेव्हा समजली.

त्या संकेतस्थळाचे नाव मी इथे घेत नाही, कारण दोष एकट्याचा नाही. उणीव सूत्रातच आहे. आकाशात हवा स्थिर नसते, आणि सूत्र ती स्थिर मानते. आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, विमाने ज्या उंचीवर उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात, ज्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरात वाहतात आणि अधिक दक्षिणेकडे सरकतात. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि संपूर्ण वाटेवर सरासरी ५० किलोमीटरचा वारा समोरून येतो असे माना, तर ७,४५० किलोमीटरांना ८ तास ४६ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ७ तास ५१ मिनिटे. पंचावन्न मिनिटांचा हा फरक म्हणजेच वेळापत्रकातल्या जाण्यायेण्याच्या वेळांमधला फरक. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘कियारा’ वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून हीथ्रोला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते. सूत्राने त्या अंतराचे उत्तर जवळजवळ साडेसात तास येते.

अंतर वाढवून वेळ वाचवता येते, याचे आपल्या देशातले उदाहरण तर फारच बोलके आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली तेव्हा विमान युरोप आणि अटलांटिकवरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तेच विमान उलट दिशेने, प्रशांत महासागरावरून नेले. मार्ग सुमारे चौदाशे किलोमीटरांनी वाढून १५,००० किलोमीटरांच्या पलीकडे गेला, पण वारा पाठीशी आल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत आटोपला आणि जवळजवळ दोन तास वाचले. दोन्ही विमानतळांमधले बृहद्‌वृत्तावरचे अंतर मात्र सुमारे १२,४०० किलोमीटरच आहे. एकाच जोडीसाठी अंतराचे तीन आकडे आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर. अंतर भागिले वेग हे सूत्र इथे काय करणार?

दुसरी उणीव ‘वेळ’ या शब्दाच्या अर्थाची आहे. सूत्र सांगते तो वेळ चाके धावपट्टी सोडतात तेव्हापासून पुन्हा टेकतात तोपर्यंतचा. वेळापत्रकात असतो तो गेटपासून गेटपर्यंतचा. मुंबईत धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि संध्याकाळी तिच्या तोंडाशी विमानांची रांग लागते. हीथ्रोवर उतरणाऱ्या विमानांना गर्दीच्या वेळी बोविंग्डन, लॅम्बर्न, ऑकहॅम आणि बिगिन या चार ठिकाणांपैकी एकावर घिरट्या घालत थांबवतात. पहिल्या खेपेला आईने मला सांगितले होते, “लंडन दिसत होतं, तीच नदी तीनदा दिसली, पण खाली काही उतरेना.” ती पंधरा-वीस मिनिटे कोणत्याही अंतरात मोजली जात नाहीत, आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला मात्र ती सर्वांत लांब वाटतात.

नावांच्या बाबतीतही थोडी सावधगिरी हवी. अनेक साधनांत ‘मुंबई’ आणि ‘लंडन’ असे लिहून चालते, पण मग ते शहराचा मध्यबिंदू धरतात की विमानतळ, हे कळत नाही. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. दोघांतले हवाई अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाच्या हिशेबात नगण्य, पण ठाण्याहून टॅक्सी कुठे न्यायची हा प्रश्न नगण्य नाही. गोव्यात दाभोळी आणि मोपा अशी जोडी आहे. लंडनला तर हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन आणि सिटी असे पर्याय आहेत. सांकेतिक अक्षरे लिहिण्याची सवय लावून घेतली की हा घोळ होत नाही.

वेळेसाठी मी आता दुसरेच साधन वापरते, आणि ज्यांच्या घरचे वडीलधारे एकटे प्रवास करतात त्यांना ते आग्रहाने सुचवते. ‘फ्लाइटरडार२४’सारख्या विमानांचा माग ठेवणाऱ्या सेवेवर उड्डाणाचा क्रमांक टाकला की ते विमान गेल्या आठवड्यात रोज प्रत्यक्ष केव्हा सुटले, केव्हा उतरले आणि हवेत किती वेळ होते, हे विनामूल्य पाहता येते. तिथे सूत्र नसते, घडलेले असते. कुठल्या देशावरून विमान वळसा घालून गेले तेही नकाशावर दिसते. सात दिवसांत सर्वांत लांब आणि सर्वांत थोडा वेळ यांत कधी अर्ध्या तासाहून अधिक अंतर निघते, आणि तक्ता करताना मी नेहमी लांबचा वेळ धरते. ही सेवा महिनाभर आधी उपयोगाची नाही. वारे आणि मार्ग ऋतूप्रमाणे बदलतात. त्यामुळे तिकीट काढताना कंपनीचे वेळापत्रक, आणि निघण्याच्या आठवड्यात हा मागोवा, असा क्रम मला सोयीचा वाटतो. स्थानिक वेळ मात्र मी कोणत्याही साधनाकडून घेत नाही. तारीख पाहून साडेचार की साडेपाच ते स्वतः ठरवते आणि बोटांवर मोजून वजा करते.

अंतरमापक संकेतस्थळांकडून माझी मागणी फार मोठी नाही. वेळेच्या आकड्याशेजारी तो कोणत्या वेगाने काढला आहे हे ठळकपणे लिहावे, पूर्वेकडचा आणि पश्चिमेकडचा वेळ वेगळा द्यावा, आणि स्थानिक वेळ दाखवायचीच असेल तर आधी प्रवासाची तारीख विचारावी. मराठीत असे एखादे साधन कोणी केले तर माझ्यासारख्या अनेक घरांना त्याचा उपयोग होईल, कारण विमानात बसणारी पिढी आणि पडद्यावर इंग्रजी वाचणारी पिढी प्रत्येक घरात एकच असते असे नाही.

यंदाच्या खेपेला आईच्या पर्समध्ये जो कागद दिला, त्यावर वेळा भारताच्याच लिहिल्या. तिच्या हातातले घड्याळ लंडनला पोहोचेपर्यंत ठाण्याचेच राहू दे, असे डॉक्टरांनीही सांगितले होते. कागदावर चार ओळी होत्या : विमान सुटल्यावर चार तासांनी काय खायचे, आठ तासांनी काय, गोळी कोणती, आणि शेवटी, ‘साडेदहा तास झाले तरी विमान उतरले नाही तर डब्यातली दशमी खावी, वाट पाहू नये.’ आईने तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि मला विचारले, “दशमीबरोबर लोणचं दिलंयस ना?”